ड्रायव्हरच्या बाजूची सावली

नंदकिशोर देवकत्ते यांनी उभ्या नोकरीत हजारो गाड्यांना दारं नि आरसे बसवले, एक चुकला नाही. चुकलं ते स्वतःच्या गाडीवर. जुनी डिलिव्हरी व्हॅन घेऊन त्यांनी तिच्यात पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवली आणि कडेला ऑनिंग लावलं. ऑनिंग म्हणजे गुंडाळून ठेवलेलं कापडी छप्पर. ओढलं की पुढे येतं, खाली खुर्ची टाकायची. धरणाच्या कडेला पहिल्यांदा त्यांनी ते मोठ्या ऐटीत ओढलं, आणि ते ड्रायव्हरच्या बाजूला, थेट डांबरी रस्त्यावर उघडलं. मागून आलेल्या टिपरने ऑनिंगचा आधाराचा हात वाकवला आणि वर ड्रायव्हरनेच यांना शिव्या दिल्या.

नंतर खालच्या मजल्यावरच्या निरंजनने खुलासा केला. तोही त्यांच्याच कंपनीतला. "नंदूभाऊ, सगळी सर्व्हिस चाकणला एक्सपोर्ट लाइनवर गेली तुमची. तिथल्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडं, फुटपाथ उजवीकडं. गाडी जर्मनीला न्यायची असंल तर ऑनिंग बरोबर बसलंय राव."

त्यांची बायको पद्माबाई त्यावर खोकला लागेस्तोवर हसल्या.

परभणीहून लग्न करून पिंपळे गुरवला आल्यापासून त्या शिफ्टचे डबे भरत आल्या. कुठं जायचं ठरलं की ओव्हरटाइम लागायचा. नवरा रिटायर झाला तेव्हा पद्माबाईंना दुखणं लागलं, आणि औषधं अशी की ऊन लागलं तर कातडीवर फोड यायचे. म्हणून तर सावली बरोबर न्यायची. कापड त्यांनीच निवडलं. नंदकिशोर निळ्यावर अडले होते. ते जाड होतं, शिवण पक्की होती. पद्माबाई निळ्या नमुन्याखाली आरसा धरून म्हणाल्या, "अहो, ह्याच्याखाली माणूस मेल्यासारखं दिसतं. हे विटकरी घ्या. ह्यात तोंड बरं दिसतंय माझं."

"सावली घ्यायला आलोय का पावडर?"

"दोन्ही."

धरणावर मात्र दोन्हींतलं काहीच मिळालं नाही. पाण्याकडे तोंड करून मागचं दार उघडलं आणि त्या आतच बसून राहिल्या. समोर दुर्गाबाई नावाची म्हातारी उन्हातच कणसं भाजत होती. तिने एक कणीस दिलं, पैसे घेतले नाहीत.

"घरी विटकरी कापड उरलंय," पद्माबाई म्हणाल्या. "पुढच्या खेपेला आणते, इथं बांधा."

"आना. पर इसरू नका बाई. समदी गाडीवाली असंच म्हनत्यात."

नवा हात यायला वेळ लागला. निरंजनला हाताशी घेऊन नंदकिशोरांनी ऑनिंग डाव्या बाजूला हलवलं, जुनी भोकं बुजवून रंगवली. तोवर पद्माबाईंना तीन मजले उतरवेनात. गॅलरीतून त्या म्हणाल्या, "एकदा उघडून तर दाखवा."

"तू खाली आलीस की उघडू. पहिल्यांदा तूच बसायचं त्याच्याखाली."

हा हट्ट प्रेमाचाच होता. पण नुसती कडी काढून ओढायचं तर काम होतं. ते त्यांनी केलं नाही.

फेब्रुवारी संपता संपता पद्माबाई गेल्या. मुलगी सुखदा नागपूरहून निघाली होती, वैकुंठरथ यायचा होता, आणि खाली अंगणात, पद्माबाईंना आणून ठेवलं होतं तिथं, ऊन नुसतं ओतत होतं. लोक भिंतीच्या कडेला चिकटून उभे. निरंजन जवळ आला, शेजारी उभ्या व्हॅनकडे बघत म्हणाला, "भाऊ, उघडू का?"

नंदकिशोरांनी होकाराची मान हलवली.

ऑनिंग आवाज न करता पुढे आलं. बरोब्बर हव्या त्या बाजूला, हात सरळ, कापड ताठ. पद्माबाईंना त्याखाली सरकवलं. विटकरी उजेड चेहऱ्यावर आला आणि कित्येक महिन्यांनंतर त्या आजारी दिसेनाशा झाल्या. तोंड खरंच बरं दिसत होतं. हे सांगावं म्हणून नंदकिशोर सवयीने वाकले, आणि तसेच वाकलेले राहिले.

व्हॅन अजून पार्किंगमध्ये उभी असते. बॅटरी उतरू नये म्हणून ते रविवारी इंजिन चालू करतात, पण गेटबाहेर नेत नाहीत. मागे निरंजन म्हणाला, "चला की भाऊ धरणावर, मी येतो."

"जाऊ," ते म्हणाले.

व्हॅनमधल्या पलंगाखाली उरलेलं विटकरी कापड आहे. पद्माबाईंनीच त्याला कडेने दुमड घालून, बांधायला चार नाड्या शिवून ठेवल्यात. दुर्गाबाई धरणावर उन्हातच बसते.