वहिनींच्या सुईचा स्क्रू

फिटरभाऊंचा जीव दोन गोष्टींत अडकलेला, वहिनींत आणि स्क्रू ड्रायव्हरांत. यांत आधी कोण, याचा निकाल लग्नानंतर लवकरच लागला. डब्याचं झाकण निघेना, म्हणून वहिनींनी भाऊंचा ड्रायव्हर घालून ते उचकटलं. भाऊ दिवसभर ते टोक सरळ करत बसले. शेवटी म्हणाले, "टोक वाकलं ना!" वहिनी म्हणाल्या, "पण झाकण निघालं ना!"

भाऊ इस्पितळाच्या दुरुस्ती खात्यात होते. खाटा, पंखे, चाकाच्या खुर्च्या, सगळं त्यांच्याच हाताखालून जायचं. स्क्रू दिसला की लगेच हात घालणाऱ्यांतले ते नव्हते. आधी फुंकर मारून खाच साफ करायची, मग पातं टेकवून बघायचं. पातं अरुंद असलं तर खाचेच्या कडा खातं, रुंद असलं तर आजूबाजूला ओरखडे काढतं. फुलीच्या स्क्रूत लहान टोक घातलं तर ते जागच्या जागी फिरून खाच गुळगुळीत करून टाकतं. वस्तू हातात धरून स्क्रू पिळणाऱ्याला तर ते फैलावरच घेत. "सटकला तर कुठे जाईल? तुझ्याच तळहातात ना? ठेव टेबलावर!" मूठ प्लास्टिकची आहे म्हणून चालू विजेत ड्रायव्हर खुपसणाऱ्याशी ते वादच घालत नसत, सरळ जाऊन मेन स्विच पाडत. सहकारी त्यांच्यामागे हसायचे, पण स्क्रू अडला की त्यांनाच हाक मारायचे.

वहिनी शिवणकाम करायच्या. अर्ध्या गल्लीच्या अंगावर त्यांच्या हातचे कपडे असायचे. गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हळूहळू बोलणं सुधारलं, चालणं सुधारलं, पण उजव्या हाताच्या बोटांत पकड आली ती जेमतेम. तरी त्या मशीनवर बसू लागल्या. अडायचं ते सुई बदलताना. सुई धरून ठेवणारा स्क्रू बारका, त्याला एकच खाच. उजव्या हाताने सुई वर धरायची आणि डाव्याने ड्रायव्हर फिरवायचा, हे काही जमेना.

"मी आल्यावर बसवून देत जाईन," भाऊ म्हणाले. आणि देतही. खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचंसुद्धा. पुढे वहिनींनी सांगणंच सोडलं. मशीनवर झाकण पडलं ते पडलंच. भाऊंना वाटलं, विश्रांती घेतेय, बरंच आहे.

एके दिवशी ते कामावरून आले तर वहिनी हाताला फडकं गुंडाळून बसलेल्या. मशीनचं झाकण काढलेलं. ड्रायव्हर सटकून सुई धरलेल्या बोटातच घुसला होता.

जखम धुताना भाऊंच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "मी मेलो होतो का? थोडं थांबता येत नव्हतं?"

वहिनींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अहो, सुईसाठीही तुमची वाट बघायची असेल, तर ते मशीन देऊन टाका कुणाला तरी. मला ते नुसतं बघवत नाही."

वहिनी आत जाऊन पडल्यावर भाऊ मशीनपाशी बसले. ड्रायव्हर तपासला. पातं खाचेत चपखल बसत होतं, चूक काढायला जागाच नव्हती. मग त्यांनी उजव्या हाताच्या दोनच बोटांत सुई धरली आणि डाव्या हाताने ड्रायव्हर फिरवून पाहिला. सटकला. पुन्हा पाहिलं, पुन्हा सटकला. पात्याचं टोक स्क्रूला जुळतंय का, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. मूठ कुणाच्या हातात जाणार आहे, हे कधी पाहिलंच नव्हतं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी खात्यात बसून त्यांनी त्याच आट्यांचा, पण सहा बाजूंचं डोकं असलेला स्क्रू बनवला. त्या डोक्याला घट्ट बसेल असा नट ड्रायव्हर निवडला. याच्या टोकाला पातं नसतं, खोलगट वाटी असते. ती स्क्रूचं डोकं सगळीकडून कवेत घेते, त्यामुळे नेम धरावा लागत नाही आणि दाबावंही लागत नाही. मुठीवर रबर गुंडाळून ती जाडजूड केली, म्हणजे थोड्या जोरातही फिरेल.

घरी येऊन त्यांनी नवा स्क्रू लावला, नट ड्रायव्हर वहिनींपुढे ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

वहिनींनी सुई धरली. वाटी डोक्यावर बसली. बराच वेळ लागला, पण स्क्रू फिरला. कापड सरकू लागलं. थोडं शिवून होतंय तोच सुई ढिली झाली. भाऊ झेपावले.

"हात मागे!" वहिनी म्हणाल्या. त्यांनीच सुई पुन्हा बसवली आणि या वेळी दात-ओठ खात स्क्रू आवळला. शिवण शेवटापर्यंत गेली. ती नागमोडी आली होती.

"झकास," भाऊ म्हणाले.

"डोळे फुटलेत का तुमचे? ही काय शिवण आहे?" वहिनी कडाडल्या. "सगळी उसवून परत घालते. आणि बाजूला व्हा आधी, उजेड अडवून उभे राहिलाय!"

भाऊ बाजूला झाले. वर्षभर आजारी माणसाच्या खालच्या आवाजात बोलणारी त्यांची बायको आज त्यांच्यावर चक्क खेकसली होती. त्यांना हसू आवरेना.