पाठीकडे बघणारा नामदेव

नामदेव वाजवताना लोकांकडे कधीच बघत नसे. तो तुमच्या आजोबांच्या पाठीकडे बघायचा. आजोबा पुढे उभे राहून गात, आणि हा मागे, स्वतःपेक्षा उंच वाद्य छातीशी धरून, नजर त्यांच्या खांद्यांवर. श्वास कुठे संपणार, कोणती ओळ लांबणार, हे त्याला आजोबांच्या आधी कळे. त्या पाठीचे सदरे मी वर्षानुवर्षं इस्त्री केले. पण ती पाठ वाचता यायची ती नामदेवला.

ईशा, नील, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, तुझ्या मागे ते कसलं कपाट आहे?" ते कपाट नाही, नामदेवचा डबल बेस आहे, व्हायोलिनच्या घराण्यातलं सर्वांत मोठं वाद्य. आयुष्यात ज्या माणसाचा मी सर्वांत जास्त हेवा केला, त्याची गोष्ट फोनवर घाईघाईत सांगण्यासारखी नाही. म्हणून लिहिते आहे.

नामदेव पवनी तालुक्यातल्या कोंढ्याचा. घर तळ्यावर मासे धरणाऱ्यांचं. तरुणपणी नागपूरला मामाकडे गेला आणि तिथे रेल्वेच्या क्लबातल्या एका म्हाताऱ्या वादकाकडे हे वाद्य शिकला. "जाळं ओढून ओढून बोटायले घट्टे पडलेच होते," तो सांगायचा. "तारेनं रगत नाही काढलं. गुरुजी म्हणे, हा पास." पुढे वीस-बावीस वर्षं त्याने मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवलं. पुढे कधी सॅक्सोफोनवाला, कधी पियानोवाला, कधी एखादी गाणारी बाई. मागे हा. हॉटेलांनी बँड बंद केले तेव्हा वाद्य घेऊन गावाकडे निघाला. साकोलीच्या स्टँडवर कंडक्टरने त्याला अडवलं, "हे काय मुर्दा घेऊन जाऊन राहिला का गा?"

"मुर्दा नाही, म्हैस आहे. हाफ तिकीट लागन का?"

त्याच बसमध्ये आजोबा बसले होते. आजोबा तहसील कचेरीत कारकून आणि सुट्टीच्या दिवशी लग्नसमारंभांत गाणारे. ते कोंढ्याच्या त्या प्रवाशाला बसमधून उतरवून सरळ आपल्या घरी घेऊन आले. म्हशीसकट.

मी तेव्हा शाळेत इंग्रजी शिकवत होते. चहा देताना विचारलं, "एवढी वर्षं वाजवलंत, एखाद्या रेकॉर्डवर तुमचं नाव आहे का?"

"नाही जी मॅडम. माहं नाव नाही लागत. मी नसलो का मंग समजते लोकायले."

"मग तुमचं काम तरी काय?"

"पुढचा जो आहे त्याले पडू नाही द्याचं. बस."

नामदेवने आमच्याच गल्लीत खोली घेतली आणि दर रविवारी दुपारी आमच्या पडवीत तालीम सुरू झाली. आजोबा माझ्याशी मोजकं बोलत. जेवण कसं झालंय विचारलं तर "ठीक". नामदेवबरोबर मात्र दोन दोन तास हसणं. एका रविवारी तो दारातच मला हळूच म्हणाला, "मॅडम, भाऊ आज खालच्या पट्टीत बोलून राहिले. काही झालं का?" मी म्हटलं, काही नाही. चार दिवसांनी आजोबांनी मला सांगितलं की त्यांच्या बदलीचा आदेश निघाला होता. पुढे तो रद्द झाला, पण ते चार दिवस मी विसरले नाही.

मग आसगावचं लग्न. भर दुपारी मांडवात आजोबा गात होते. दुसरं कडवं सोडून ते थेट तिसऱ्यात शिरले. पहिल्या रांगेत बसून मी ते टिपलं. पण नामदेव त्याच क्षणी तिसऱ्यात होता. ढोलकी त्याच्यामागून आली, कीबोर्ड आला, आणि मांडवात कोणाला काही कळलं नाही. घरी आल्यावर मी आजोबांना त्यांची चूक दाखवली. नामदेव पडवीत वाद्याला गवसणी घालत होता.

"चूक काहून म्हणता जी? भाऊ तिकडं गेले, मी बी संगं गेलो. दोघं गेलो तं रस्ता झाला."

"माझ्या वर्गात दोघांनी एकच चूक केली तर मी दोघांनाही शून्य देते, नामदेवराव."

"म्हणून तं पोट्टे तुमच्या वर्गात गात नाही, मॅडम."

आजोबा इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या कुठल्याही बोलण्यावर ते तसे हसल्याचं मला आठवत नाही.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला ठाऊक नाही. लाकडी कवाडंसुद्धा तडकतात. नामदेव उन्हाळाभर त्या वाद्याजवळ ओलं पोतं टांगून ठेवायचा. स्वतः ओसरीत उकाड्यात झोपायचा, म्हैस आत. एका मे महिन्यात तळ्याचं पाणी उतरलं आणि मासे धरायला सगळं घर लागलं, म्हणून तो आठ-दहा दिवसांसाठी कोंढ्याला गेला. वाद्य आमच्या मागच्या खोलीत ठेवून मला सांगून गेला, "मॅडम, पोतं वाळू देजा नको. बाकी काही नाही मांगत."

मी पहिले दोन दिवस पोतं भिजवलं. नंतर नाही. विसरले नव्हते. मी काही विसरत नाही, हे तुमच्या आईला विचारा. रोज त्या खोलीच्या दारावरून जात होते, पोतं पापडासारखं कडक झालेलं दिसत होतं, आणि मी पुढे जात होते.

नामदेव आला, आत गेला, आणि त्याने वाद्याच्या पोटावर तळवा ठेवला. सांधा वीतभर उकलला होता. आजोबा माझ्याकडे वळले. "तुले सांगून गेला होता ना तो? काय केलं तू?"

मी तोंड उघडण्याआधी नामदेव बोलला. "मॅडमले कायले विचारता, भाऊ? मीच खिडकी उघडी ठेवून गेलतो. गरम वाऱ्याची झाव येते तिकून. पोतं किती बी ओलं केलं तं काय होते?"

ती खिडकी बंद होती. मी स्वतः कडी लावली होती, आणि तो आला तेव्हाही कडी लागलेलीच होती. मी तिसऱ्या कडव्यात शिरले होते आणि तो माझ्यासंगं आला होता.

आजोबांना कधीच कळलं नाही. साकोलीच्या सुताराने सांधा चिकटवून दिला. वाद्य पूर्वीसारखं वाजायला लागलं, असं मला वाटत होतं. पुढे एका रविवारी मी तालमीतून उठून स्वयंपाकघरात गेले, आणि तिथून ऐकलं. एका खालच्या सुरावर लाकूड झर्र करत होतं. भांडी तशीच ठेवून मी पडवीत येऊन बसले. झर्र बंद. पुन्हा आत गेले, पुन्हा झर्र. मी समोर असले की तो माणूस तो सूर टाळून, वळसा घालून जात होता. किती वर्षं जात होता, देव जाणे.

आजोबा गेल्यावर तेराव्याला तो वाद्य घेऊन आला. मी म्हटलं, "नामदेवराव, तो सूर वाजवा. मी इथेच बसते." त्याने गवसणीची गाठ घट्ट केली. मग म्हणाला, "आता पुढं कोणी नाही जी, कोणासाठी वाजवू?" आणि वाद्य उचलून गेला. तेव्हासुद्धा मला हेवाच वाटला. माझ्या नवऱ्यासाठी माझ्यापेक्षा चांगलं वाक्य तो बोलून गेला होता.

गेल्या हिवाळ्यात तोही गेला. उन्हाळा लागायच्या आधी त्याचा धाकटा भाऊ टेम्पोत वाद्य घेऊन आला. म्हणाला, "दादा सांगून गेला, मॅडमकडे ठेवजा. पोतं वाळलं का काय होते, ते त्याईलेच समजते."

त्याने मला क्षमा केली की जाता जाता चिमटा काढला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी रोज सकाळी सातला आणि दुपारी तीनला पोतं भिजवते. आज लिहिता लिहिता तीन वाजून दहा मिनिटं झाली. उठते.