शेवटच्या प्रश्नातली बदकं

हसायचं नाही, असं आधी कबूल करा, मगच सांगतो. आणि हातातला चहा खाली ठेवा. मागच्या खेपेला हाच किस्सा इक्बालभाईंनी सांगितला तेव्हा एकाच्या नाकातून इथला कडक, दुधाळ करक चहा आला होता. म्हणून म्हटलं, आपली फजिती दुसऱ्याने मीठमसाला लावून सांगण्यापेक्षा आपणच सांगावी. निदान मीठ आपल्या हातचं.

तर मी इथे आखातात, मीना सलमान बंदरावर, जहाजं दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी इंजिनिअर. म्हणजे दुसऱ्याने घाम गाळून केलेल्या कामात चुका काढायच्या आणि त्याबद्दल पगार घ्यायचा. आमच्या शेडच्या दारावर मी स्वतः हट्टाने पाटी लावून घेतली आहे: ‘आधी सूचना वाचा, मगच मशीनला हात लावा.’ ही पाटी लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

असा माणूस मुलीच्या शाळेच्या पालक समितीत गेला नाही तरच नवल! एका मीटिंगमध्ये मी उभा राहून विचारलं, “मुलांच्या बाथरूमचे नळ कधी दुरुस्त होणार?” टाळ्या पडल्या. टाळ्या वाईट हो! एकदा कानाला सवय लागली की माणूस नळावरून थेट शिक्षणपद्धतीवर जातो.

आणि तेव्हाच तो प्रश्न निघाला. शाळेत दरवर्षी एक मोठी परीक्षा होते, सगळ्या शाळांना सारखी. इतकी वर्षं ती पेन्सिलने गोल काळे करून व्हायची. पेपर तपासायला परदेशी जायचे आणि निकाल येईपर्यंत पोरं पुढच्या वर्गात जाऊन बसलेली असायची. आता एक नवी परीक्षा आली होती, कॉम्प्युटरवरची, निकाल जागच्या जागी. जुनी ठेवायची की नवी घ्यायची, हे पालकांचं मत घेऊन ठरणार होतं. त्याआधी सहावीच्या मुलांवर नवीची चाचणी झाली. माझी रेवा सहावीत.

त्या दिवशी पोरगी घरी आली ती रडतच.

“काय झालं गं?”

“बाबा, इट वॉज सो हार्ड! एव्हरी क्वेश्चन वॉज हार्डर दॅन द लास्ट वन!”

“हो हो, पण मराठीत सांग.”

“इट्स हार्ड इन मराठी टू, बाबा!”

आमच्याकडे हे असंच चालतं. मी मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं. मी गेली कित्येक वर्षं मागे लागलोय, ‘बाळा, एक अख्खं वाक्य मराठीत बोलून दाखव.’ पण आमचं बाळ ‘भूक’ आणि ‘नको’ या दोन शब्दांच्या पुढे काही जाईना.

पण रडणारी लेक बघितली आणि माझं डोकंच फिरलं. ही कसली परीक्षा? लेकरांना रडवते? बघतोच आता!

शनिवारी सकाळी शाळेत पालकांसाठी प्रात्यक्षिक होतं. आम्हीही तीच परीक्षा कॉम्प्युटरवर देऊन बघायची आणि मग मत सांगायचं. आम्ही राहतो त्या हमद टाउनमधून मी आणि इक्बालभाई एकाच गाडीतून गेलो. इक्बालभाई मूळचे राजापूरचे, बंदरावर क्लिअरिंगच्या एका कंपनीत मॅनेजर. त्यांचा झैद रेवाच्याच वर्गात. गाडीत मी त्यांना एवढं भडकवलं की शाळा येईपर्यंत ते नुसतं “व्हय व्हय, पाटणकर, व्हय” म्हणत होते. नंतर कळलं, त्यांना एवढंच हवं होतं, की मी समोर बघून गाडी चालवावी.

शाळेत प्रिन्सिपल मॅडम लॅबमध्ये सगळ्यांना परीक्षा समजावून सांगत होत्या. मी कुठे होतो? बाहेर व्हरांड्यात! एका हातात सांबुसा, म्हणजे आपला समोसाच, दुसऱ्या हाताने प्रचार. “अहो, क्रूर परीक्षा आहे ती! मुलांचा आत्मविश्वास खलास! आपली जुनी पेन्सिलच बरी!” जो भेटेल त्याला पकडत होतो. शेवटी शिपायाने येऊन “यल्ला, यल्ला, साब” करत मला आत ढकललं, तेव्हा मॅडमचं समजावून झालेलं होतं. म्हटलं, जाऊ दे. परीक्षेत समजून घ्यायचं काय असतं?

बसलो कॉम्प्युटरपुढे. सुरुवातीला स्क्रीनवर सूचना आल्या, पानभर. सूचना कोण वाचतं? मी ‘मान्य आहे’ दाबलं. हो, पाटीवाला मीच तो. बोला.

पहिलाच प्रश्न टाकीचा. दोन नळ पाणी भरतायत, एक टाकी रिकामी करतोय. आता तुम्हाला आमचं कराडचं क्लासचं शिक्षण माहीत नाही. आमच्या सरांनी आम्हाला एकच मंत्र दिला होता: ‘आधी सोपं उरका, अवघड ऑप्शनला टाका. पेपर हातात आला की पहिल्याच अवघड प्रश्नाशी कुस्ती खेळायची नाही.’ त्या मंत्रावर आमच्या गल्लीतली निम्मी पोरं इंजिनिअर झाली. मी टाकी सोडली. प्रश्न सोडायला बटण होतंच. मग आल्या कोन-त्रिकोणाच्या भानगडी. सोडल्या. आलेख आला. सोडला! सगळे नंतर निवांत बघू.

आणि काय सांगू, मंत्र फळला! पुढे सोपे सोपे प्रश्न यायला लागले. घड्याळात किती वाजले? मी फटाक्! मध्येच एखादा वाकडा प्रश्न डोकं वर काढायचा, मी लगेच सोडायचो, की पुन्हा सोपा हजर. जणू परीक्षा मला घाबरूनच होती. शेवटी तर कमाल झाली. स्क्रीनवर पाच बदकं आली, आणि प्रश्न काय? सर्वांत मोठं बदक कोणतं!

क्वालिटी इंजिनिअर आहे मी. दोनदा बघून खात्री केली. मोठंच होतं ते.

सोडलेल्या प्रश्नांकडे परत जाऊ म्हटलं, तर स्क्रीन म्हणाली धन्यवाद. असेल, ऑप्शनला गेले असतील.

शेजारी बघतो तर इक्बालभाई घामाघूम! एसी चालू, बाहेर थंडीचे दिवस, आणि हा माणूस कागदावर आकडेमोड करतोय.

“पाटणकर, माझं डोसकं उठलं रे! काय ते कंस, काय ते एक्स! एक झाला की दुसरा, त्याच्याहून वाकडा!”

“काय म्हणता? मला तर बदकं आली.”

“बदकं?”

“पाच.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. मला त्यांची दया आली. खांद्यावर हात ठेवून म्हणालो, “इक्बालभाई, गणित सुटलं की असं होतं. संध्याकाळी घरी या, थोडं बघून देतो.”

इथवर झालं ते झालं. इथे जरी थांबलो असतो तरी आज तुमच्यासमोर ताठ मानेने बसलो असतो. पण माझ्या डोक्यात दुसरंच चक्र सुरू झालं. परीक्षा एवढी सोपी? बदकांची? आणि माझी पोरगी ह्याला रडली? म्हणजे क्रूर परीक्षा नाही. कार्टीने अभ्यासच केलेला नाही!

आता पुढच्या आठवड्यात होता सहावीचा कॅम्प. थंडीत इथे लोक वाळवंटात तंबू ठोकून राहतात, तुम्हाला माहीतच आहे. रेवाची ही पहिलीच वेळ. पोरीने बॅग कधीच भरून ठेवली होती आणि नवा टॉर्च चालतो की नाही हे बाथरूमचा दिवा घालवून रोज बघत होती. मी तिथूनच, लॅबमधूनच, घरी फोन लावला. बायकोने उचलला.

“मेधा, रेवाला दे. तिचा कॅम्प रद्द.”

“अहो, असं काय झालं? आधी कुणाला नीट विचारा तरी!”

“विचारायचं काय? मी स्वतः देऊन बघितलीय परीक्षा!”

रेवा आली. आणि मी, मुलीला एक वाक्य मराठीत बोल म्हणून मागे लागणाऱ्या बापाने, एक घोटीव मराठी वाक्य तिला ऐकवलं: “बाळा, सोप्या पेपरात ज्यांना घाम फुटतो, त्यांनी तंबूत नाही, टेबलाशी बसायचं असतं.”

ती रडली नाही, भांडली नाही. नुसती “ओके, बाबा” म्हणाली आणि फोन ठेवला. वाक्य मला एवढं आवडलं होतं की तो ‘ओके’ मी नीट ऐकलाच नाही.

लगेच वर्गाच्या ग्रुपवर मेसेज टाकला: रेवा कॅम्पला येणार नाही. मेसेज जातो न जातो तोच इक्बालभाईंचा फोन वाजला. बसमधल्या जागा भरलेल्या होत्या, झैद वेटिंगवर होता. त्याचा नंबर लागला! इक्बालभाई खूश, मग माझ्याकडे बघून खजील, मग परत खूश. मी म्हटलं, “असू दे, शिस्त म्हणजे शिस्त.”

आणि मग मॅडमनी विचारलं, “एनी ओपिनियन्स?”

टाळ्यांची सवय! उठलोच. व्हरांड्यात ज्यांना ‘क्रूर, अवघड’ म्हणून सांबुशासकट पकडलं होतं, तेच सगळे समोर. त्यांच्यासमोर मी आता इंग्रजीत ठणकावून सांगायला लागलो की ही परीक्षा अतिशय सोपी आहे. हास्यास्पद आहे. सहावीच्या मुलांचा अपमान आहे. जसजसा पेपर पुढे जातो तसतसा तो बालवाडीत उतरतो!

लॅबमध्ये एकदम शांतता. मला वाटलं, भाषण भिनतंय. आवाज आणखी चढवला. “माझी स्वतःची मुलगी या परीक्षेला रडली. मी लपवत नाही. दोष परीक्षेचा नाही, मुलीचा आहे!”

मॅडम फार सभ्य बाई. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“मिस्टर पाटणकर, व्हॉट वॉज युवर लास्ट क्वेश्चन?”

“डक्स, मॅडम!” मी सगळ्या लॅबला ऐकू जाईल असं म्हणालो. “फाइव्ह डक्स!”

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं. इक्बालभाईंनी रुमाल तोंडात धरला होता, घाम पुसायला नव्हे.

मॅडमनी माझ्या एकट्यासाठी सगळं पुन्हा सांगितलं. ही परीक्षा सगळ्यांना एकच पेपर देत नाही म्हणे. बरोबर उत्तर दिलं की पुढचा प्रश्न आधीपेक्षा अवघड येतो. चुकलं किंवा सोडलं, की सोपा येतो. माणूस कुठे टिकतो ते ती असं शोधत जाते.

माझा शोध बदकांपाशी लागला होता.

“व्हेरी गुड डेमॉन्स्ट्रेशन, थँक यू,” मॅडम म्हणाल्या, आणि मी बसलो. नवी परीक्षा एकमताने पास झाली. प्रत्येकाचं म्हणणं एकच पडलं: ही परीक्षा माणूस बरोब्बर ओळखते. हात वर करणाऱ्यांत मीही होतो. न करून सांगतो कोणाला?

जाताना मॅडमनी मला बाजूला घेतलं. रेवाला शेवटी जे प्रश्न आले होते ते नववीचे होते. सहावीतल्या दुसऱ्या कुणालाच तिथपर्यंत जाता आलं नव्हतं. म्हणूनच पोरगी म्हणत होती ना, प्रत्येक प्रश्न आधीच्यापेक्षा अवघड! मला मराठीत ऐकायचं होतं म्हणून मी ते ऐकलंच नव्हतं.

आता मात्र तो ‘ओके, बाबा’ कानात वाजायला लागला. अशी लाज वाटली म्हणता! बदकांची नव्हे हो, त्या टॉर्चची.

“मॅडम, कॅम्प...”

“बस तर भरली.” त्यांनी थोडा विचार केला. “पण कुणी पालक स्वतःच्या गाडीने मुलीला घेऊन आला आणि मुलांबरोबर राहिला, तर चालेल. मदतीला माणूस हवाच आहे.”

मी? एका पायावर तयार! इक्बालभाई गाडीत म्हणत होते, “पाटणकर, झैदची जागा घे रे परत, पोरीचं मन मोडू नको.” मी म्हटलं, नाही, झैद जाईल आणि रेवाही जाईल. घरी जाऊन काय बोलायचं याची मनात जुळवाजुळव करत एकाच राउंडअबाउटला तीन फेऱ्या मारल्या, तेव्हा भले गृहस्थ हळूच म्हणाले, “आपला रस्ता गेला.”

घरी आलो. बॅग दारातच होती, रिकामी केलेली. टॉर्च परत डब्यात गेला होता. मी सगळं सांगितलं, बदकांसकट. मेधा स्वयंपाकघरात जाऊन हसून आली. रेवा मात्र गंभीरपणे ऐकत होती. मी म्हणालो, “चुकलो गं बाळा. तू जायचंस. मी येतो ना गाडी घेऊन! तंबू पण मीच ठोकतो!”

तिने जरा विचार केला. मग मेधाचा फोन उचलून तिने नंबर लावला.

“इक्बाल चाचा, विल यू कम टु द कॅम्प विथ अस? इन युवर कार? प्लीज?”

पलीकडून इक्बालभाईंचं मोठ्ठं “व्हय गो बाय!” मलासुद्धा ऐकू आलं.

“अगं, पण मी येतो म्हणतोय ना! मी का नको?”

रेवाने टॉर्च डब्यातून काढला, पेटवून माझ्या तोंडावर धरला, आणि जन्मात पहिल्यांदा, एकही इंग्रजी शब्द न मिसळता, एक अख्खं वाक्य मराठीत बोलली:

“बाबा, सोप्या पेपरात ज्यांना बदकं येतात, त्यांनी तंबूत नाही, टेबलाशी बसायचं असतं.”

काय उच्चार! कुठे अडखळणं नाही, काही नाही. ऊर भरून आला हो माझा. मेधाने खुर्ची सरकवून दिली, आणि मी बसलो.