आप्पाकाकांचा पेरू, चीज आणि लाल वाईन

आमच्या आप्पाकाकांच्या पिंडाला कावळा शिवेना, कारण पानात चीज नव्हतं.

दहाव्याला नदीकाठी जमलेल्या अख्ख्या भावकीत हे कारण फक्त मला ठाऊक होतं. आणि मी कोण? पाचगणीच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, पाहुण्यांनी नाव विचारलं तरी जमिनीकडे बघणारी! (म्हणून तर काका माझ्याशीच बोलत. मधे बोलणारी मी नव्हतेच.)

काका लष्करातून गावी, कुंडलला परतले ते एकटेच. संध्याकाळी गच्चीवर शेगडी पेटवायची, पेरूच्या फोडी भाजायच्या, वर डब्यातलं चीज, शेजारी लाल वाईन.

"वाईन तुरट, चीज खारट. मधे भाजका पेरू बसला की संसार होतो बघ!"

"मग सोताचा का न्हाई केलास रं?" आत्या खालून ओरडायची.

मला फक्त पेरू मिळे. वाईनचा एक घोट बी. ए. झाल्यावर, असं ठरलं होतं. निकालाआधीच काका गेले.

"आप्पा, तुझं कुत्रं मी संभाळतो," बाबांनी हात जोडले. कावळे ढिम्म.

"तुझ्या ट्रंकेला कुनाला हात लावू देनार न्हाई!" आत्या म्हणाली. एका कावळ्याने चक्क पाठ फिरवली!

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "दर्भाचा कावळा करू या."

आत्या मटकन खाली बसली. "आवं, गवताच्या कावळ्यानं माझा भाऊ कसा सुटंल?"

"वाईन," माझ्या तोंडून निघालं.

"काय म्हनलीस?"

"काकांना... पेरू, चीज आणि वाईन लागते." माझं आयुष्यातलं पहिलं जाहीर भाषण!

बाबा धोतर सावरत फटफटीवरून घरी गेले आणि कुणी हात लावणार नव्हतं ती ट्रंक उघडून चीजचा डबा, वाईनची बाटली आणि परसातला पेरू घेऊन आले. डबा कोयत्याने फोडला. पिंडाचा भात शिजवलेल्या निखाऱ्यांवर मी पेरू भाजला. डोळ्यांत धूर गेला, असं सगळ्यांना सांगितलं. गुरुजी नदीकडे तोंड करून उभे राहिले. "मी काही पाहिलेलं नाही!"

कावळा आला. चीज उचललं, पेरू टोचला आणि वाईनच्या द्रोणात चोच बुडवली.

"सुटला गं माझा आप्पा!" आत्या रडता रडता हसली. उरलेली बाटली तिने नदीत ओतली.

पुढे बी. ए. मी झाले, पण माझा घोट आधीच कावळ्याने घेतला होता.

हल्ली संध्याकाळी गच्चीवर मी एकटीच पेरू भाजते. परवा एक कावळा कठड्यावर येऊन बसला. धीर करून मी त्याला नाव विचारलं. तो जमिनीकडे बघत राहिला!