माझ्या मुलीचा निर्जळी उपास

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. मायटोकाँड्रिया म्हणजे पेशीचं ऊर्जाघर, असं सांगून फळ्यावर घेवड्याच्या दाण्यांसारखी तीन-चार चित्रं काढायची आणि पुढचा धडा घ्यायचा. वीस वर्षं हेच केलं. मी तिरसट आहे असं मुलं म्हणतात, म्हणोत.

तीन वर्षांपूर्वी नवऱ्याची बँकेतून बदली झाली आणि आम्ही कोलकात्यातल्या बेहाला भागात आलो. इथे आम्ही पाच मराठी घरं मिळून हरतालिका करतो. वाळूची पिंडी, पत्री, दिवसभर पाणीसुद्धा नाही. गेल्या वर्षी सतरा वर्षांच्या माझ्या मुलीलाही मी बसवलं. त्या दिवसांत ती जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबायची. मी तिला ऐदी म्हणायचे, चार लोकांतसुद्धा. दुपारी तिनं विचारलं, "आई, एक केळं खाऊ? हात उचलवत नाहीत." बायकांसमोर मला लाज वाटली. "एक दिवस तर आहे," मी म्हटलं. आरतीला उभी राहिली आणि कोसळलीच.

निदान व्हायला दोन महिने लागले: मायटोकाँड्रियाचा आजार. डॉक्टरबाईंनी कागदावर दाणे नाही, जाळं काढलं. म्हणाल्या, हे सुटे नसतातच. एकमेकांना जोडले जातात, पुन्हा वेगळे होतात, आपल्याकडचं दुसऱ्याला देतात. काही बिघडले तर चांगले त्यांना सांभाळून घेतात. तुमच्या मुलीत बिघडलेलेच फार झालेत, आणि त्यात उपास. मग म्हणाल्या, हे आईकडून येतं. माझंही रक्त तपासलं. दोष माझ्यातही निघाला, मला बाधणार नाही इतका थोडा.

मला रडू आलं नाही. घरी येऊन कुकर लावला. तेव्हापासून दर तीन तासांनी तिला खायला देते. ती मला कधी बोलेल याची वाट बघत होते. तिनं बोलायलाच हवं होतं.

एका रविवारी ती माझ्याजवळ येऊन बसली. "म्हणजे माझ्या मुलांनापण होणार?"

"दोष त्यांच्यात जाईल," मी म्हटलं. "किती जाईल ते आधी सांगता येत नाही." वर्गात उत्तर देते तशीच बोलले.

ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "मग मी आई नाही होणार."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला चाललं असतं.