दादाचा पळा

वहिनीचा फोन आला, "भावजी, ते गेले," आणि माझा हात आधी डाव्या कानावर गेला. त्या कानाने मला ऐकू येत नाही. तो थोरल्या भावानेच, दादानेच फोडला होता, सात वर्षांपूर्वी, चुलतबहिणीच्या हळदीत. तेव्हापासून वटारचं घर मला बंद आणि बोळिंजचा माझा फ्लॅट त्याला. मी रडलो नाही. थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला सांगू... मग दिवसभर घास उतरला नाही.

हळदीचं मटण म्हटलं की आमच्याकडे दादाच. वाडीत दगडांवर टोप चढवून चारशे माणसांचं रांधायचा आणि मसाला परतताना कुणी मध्ये बोललं तर शिवी हासडायचा. स्वतः मात्र कधी चाखायचा नाही. लोखंडी पळ्यातला रस्सा माझ्या तळहातावर ओतायचा. चटका बसला तरी मी हात मागे घ्यायचा नाही. "धुरानं माझी जीभ मेली. तू सांग." मी "मीठ हवं" म्हटलं की तो तापट माणूस मुकाट मीठ टाकायचा. जगात तो ऐकायचा ते एवढंच.

त्या हळदीला माणसं भलतीच वाढली. घाबरून मी त्याला न विचारता उकळत्या मटणात गार पाण्याची कळशी रिकामी केली. उकळी बसली, मटण आखडलं. "कोनी घातलं पानी?" मी म्हटलं, "मी." पुढचा शब्द निघायच्या आत पळा कानशिलावर बसला. रक्त मानेवरून शर्टात उतरलं. मीही चुलीतलं जळतं लाकूड ओढलं आणि त्याच्या दंडावर हाणलं, एकदा नाही, तीनदा. कातडी जळाल्याचा वास मसाल्याच्या वर आला. लोकांनी आम्हाला ओढून बाजूला केलं... आणि मग पंगत बसली, जेवली. त्यानंतर दादाने कुणाकडे रांधलं नाही. बोलवायला येणाऱ्यांना म्हणायचा, "माझा चाखनारा नाय." हे मला वहिनीने सुतकात सांगितलं आणि तेव्हा मात्र मी ढसाढसा रडलो.

सुतक फिटल्यावर आमच्या घरात भाऊबंदांना मटण घालतात. या वेळी पळा मी धरला. माणसं पुन्हा जास्त आली, आणि माझी पाठ वळलेली असताना वहिनीने कळशी उचलून टोपात पाणी ओतायला घेतलं. गारच. मी वळलो आणि माझा हात पळ्यासकट वर गेला. वहिनी पळाली नाही, ओरडली नाही. तिने फक्त मान एका बाजूला वळवली, डोळे मिटले आणि दात आवळले, रोजचंच असल्यासारखं. इतकी वर्षं मी समजत होतो, त्या पळ्याचा मार मी एकट्यानेच खाल्लाय.

हात खाली आणायला वेळ लागला. तिने डोळे उघडले. "मना वाटलं, तेच आले," म्हणाली.

पळा मी चुलीमागे टाकला, अजून तिथेच आहे. मटण वाटीने वाढलं.