डिफरन्शिअलचे बोल्ट

आमच्या घरात ट्रकपुढे सगळं फिकं. बायका चिडवायच्या, की हे दोघे भाऊ आम्हाला विचारत नाहीत तेवढं गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलला विचारतात. विचारणारच! पनवेलचं मीठ भरून गाडी घाट चढायची, तर सगळा भार त्या अ‍ॅक्सलवर. आणि मिठाच्या पाण्याने लोखंडाची काय दशा होते, ते मिठागरात वाढलेल्या माणसाला सांगायला नको.

म्हणून पावसाळा सरला की आम्ही स्टँडमागच्या चिंचेखाली गाडी लावून डिफरन्शिअल उघडायचो. म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलच्या मधोमधचा तो गोल डबा, ज्यात चाकं फिरवणारी दातेरी चक्रं तेलात बुडालेली असतात. जुनं तेल काढायचं, दाते पुसून बघायचे, पुठ्ठ्याचं नवं पॅकिंग बसवायचं आणि झाकण लावायचं. एक बोल्ट वरचा, मग त्याच्या समोरचा खालचा, असं थोडं थोडं आवळत जायचं. शेवटच्या फेरीला मात्र दादाचा नियम होता: हे बोल्ट जो पक्के करील, घाटात स्टेअरिंग त्याच्याच हातात. झाकण सैल राहिलं, तेल गळलं आणि गाडी घाटात अडकली, तर दुसऱ्याच्या नावाने बोंब मारायची नाही. इतकी वर्षं ती फेरी दादाच करत आला. लायसन माझ्याकडेही होतं, पण मी आपला डाव्या बाजूला बसून बडबडणारा.

त्या उन्हाळ्यात गाडी चालू करताना पुढून फिरवायचं लोखंडी हँडल उलटं फिरलं आणि दादाचं उजवं मनगट मोडलं. हाडवैद्याने बसवून दिलं, पण हाताची पकड गेली. दादा कबूल करेना. घास डाव्या हाताने खायला लागला तरी म्हणे, काय नाय झालं. असा संताप यायचा मला!

पावसाळा सरला, डिफरन्शिअल उघडून झालं आणि शेवटी ती बोल्ट पक्के करायची फेरी आली. दादा गाडीखाली उताणा पडला, मी शेजारी. त्याने दातओठ खाऊन जोर लावला, पण पाना जागचा हलेना. डावा हात लावून पाहिला, तोही निसटला. मी हळूच लोखंडी पाइप त्याच्याकडे सरकवला. पान्याला तो अडकवला की कुणालाही आवळता येतं. दादाने कोपराने पाइप बाजूला सारला. पाइप लावला की बोल्ट तुटायला आला तरी हाताला कळत नाही, हे त्यानेच मला शिकवलं होतं.

मग दादाने पाना माझ्या छातीवर ठेवला आणि गाडीखालून बाहेर सरकला. बोल्ट मी पक्के केले.

दुसऱ्या दिवशी मीठ भरलं. दादा डाव्या बाजूला चढून बसला. खोपोलीपर्यंत त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. घाटाच्या पायथ्याशी गाडी थांबवायला लावून तो उतरला आणि मागे गेला. झाकणाच्या कडेने तो बोट फिरवून बघणार, हे मला ठाऊक होतं. मी स्टेअरिंग घट्ट धरून बसलो. तो माझ्या खिडकीशी आला आणि बोट माझ्यासमोर धरलं.

"कोरडं हाय," दादा म्हणाला. "चल. आता घाट तुजा."